उठून जायची तालीम

माठाला तोटी बसवायला पाऊण तास लागला. ड्रिल मशीन नवं होतं, माणूस हौशी होता आणि वार रविवार होता. या तीन गोष्टी एकत्र आल्या की घरात काहीतरी फुटतंच. पण माठ फुटला नाही. तोटीभोवती केसाएवढी चीर तेवढी गेली, तिच्यावर मकरंद उपळेकरनं एम-सील थापलं, चार पावलं मागे जाऊन स्वतःच्या कामाकडे पाहिलं आणि बायकोला हाक मारली, "प्राची, ये बघायला!"

माठ शुक्रवारी आला होता. घरमालकीण अलमेलूमामी एप्रिलपासून "माठ पाठवते, माठ पाठवते" म्हणत होत्या. त्यामुळे भर मे महिन्यात कुणी माणूस पेंढ्यात गुंडाळलेलं मडकं दारात घेऊन उभा राहिला तेव्हा मकरंदला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. पुण्याहून बदली होऊन चेन्नईच्या अण्णा नगरात येऊन त्याला चारच महिने झाले होते. त्या माणसाच्या बोलण्यातला एकच शब्द त्याला कळला, 'सार', म्हणजे 'सर', आणि तो तर तो स्वतःच होता.

दोन दिवस झाले तरी पाणी गार होईना. "नवा आहे, मुरेल," प्राची म्हणाली. मकरंद म्हणाला, "सारखं झाकण उघडतो ना आपण, म्हणून." त्यावर उपाय तोटी.

संध्याकाळी समोरच्या दारातल्या सरोजाअक्का तंजावरचं लग्न आटोपून परत आल्या. घर तंजावरच्या मराठ्यांचं, त्यामुळे मराठी बोलायच्या, पण ते मराठी दोन-अडीचशे वर्षांपूर्वी तिकडे गेलं ते तिकडेच राहिलेलं.

"मकरंदराव, माझा घट आला म्हणे. तुमचेकडे ठेवा म्हणून सांगितलं होतं मी."

"घट? नाही बुवा. बसा ना अक्का, उन्हातून आलात, आधी पाणी घ्या," असं म्हणून मकरंदनं त्यांच्यादेखत तोटी सोडली.

अक्का पेला भरेपर्यंत थांबल्या. मग माठापाशी उकिडव्या बसल्या, नखानं तीन ठिकाणी टिचकी मारली, कान लावला.

"गेला," त्या म्हणाल्या. डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तसं. आणि पाणी पिऊन घरी गेल्या.

त्या दारातून दिसेनाशा झाल्यावर प्राचीनं फोनवर शोधलं आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. घट हे वाद्य आहे. गाण्याला साथ करतं. मानामदुरैचे कुंभार तो घडवतात, आणि नेमक्या हव्या त्या सुरात वाजणारा घट आव्यातून निघायला नशीब लागतं. अक्कांच्या घटाला आठ आठवडे लागले होते. भोक पाडायला मकरंदला चार मिनिटं.

सरोजाअक्का सेहेचाळीस वर्षांच्या. लग्न केलं नव्हतं; आई होती, ती गेली. पहाटे पावणेसहाला कंपनीची बस त्यांना घेऊन इरुंगाट्टुकोट्टैला जायची. तिथल्या एका कारखान्यात ब्रेकचे ड्रम बनत, आणि अक्कांचं काम म्हणजे प्रत्येक ड्रमला छोट्या हातोडीनं टकोरा देऊन ऐकायचं. घंटेसारखा वाजला तर चांगला. थप्प वाजला तर आत चीर, बाजूला काढा. एकवीस वर्षं त्या हेच करत होत्या. अशा कानाच्या बाईला तोटीचा माठ दाखवणं म्हणजे सोनाराला पितळेची अंगठी भेट देण्यासारखं होतं.

तेराव्या वर्षापासून नव्हे, तेहेतिसाव्या वर्षापासून त्या घट शिकत होत्या. गुरू मधुसूदनराव, मृदंग वाजवणारे, तेही तंजावरचेच, वय सत्तर, जीभ कारल्याची. पहिली चार वर्षं त्यांनी अक्कांना घटाला हात लावू दिला नाही. नुसता मांडीवर ताल धरायचा. पाचव्या वर्षी घट मांडीत दिला आणि म्हणाले, "बोटं नव्हेत हीं, वेलदोड्याचीं सालं आहेत." पुढची नऊ वर्षं त्यांनी या मतात फारसा बदल केला नव्हता. घटवाल्यानं स्वतःहून काही मागायचं नसतं, असं त्यांचं शास्त्र होतं. व्यासपीठावर जागा उरली तर बसायचं, माईक उरला तर घ्यायचा, आणि गाणाऱ्याला वाटलं की वेळ कमी आहे, तर पहिली कात्री आपल्यावर असं धरून चालायचं.

आणि त्या मधुसूदनरावांनी यंदा मार्च महिन्यात, कॉफी पिता पिता, सहज सांगितलं होतं, "डिसेंबरांत एका सभेंत दुपारीं साडेबाराला श्रीरंजनी म्हणून एक मुलगी गाते. मी वाजवणार. तिच्या सुराचा घट आला तर माझे शेजारीं बैस. नाही आला तर कॅंटीनांत बैस."

तेरा वर्षांत पहिल्यांदा. त्या सुराचा घट म्हणजेच उपळेकरांचा माठ.

बातमी ऐकून मधुसूदनराव हसले. "बरं जालं. घरांत फुटला, सभेंत नाही." मग त्यांनी माळ्यावरून आपल्या वारलेल्या भावाचा घट काढला. सूर बरोबर, पण जाडी अशी की वरवंट्याला लाज वाटावी. पंधरा दिवसांत अक्कांच्या बोटांची सालं खरोखरच निघाली. कारखान्यात सुपरवायझर विचारायचा, "अक्का, नवरा नाही तरी बोटं कशी भाजली?" आणि अख्खी शिफ्ट हसायची. अक्का पट्ट्या बांधलेल्या हातानं पुढचा ड्रम ठोकायच्या.

मकरंदला झोप लागेना. तो बँकेच्या प्रशिक्षण विभागात होता. 'विजेत्याची मानसिकता' या विषयावर त्यानं तीन राज्यांतल्या कारकुनांना जागं ठेवलं होतं. घट परत देता येत नव्हता, तेव्हा मानसिकता द्यावी असं त्यानं ठरवलं. तीन रंगांत छापलेला कागद घेऊन तो अक्कांकडे गेला. 'मी एक यशस्वी घटवादक आहे.' रोज सकाळी आरशासमोर मोठ्यानं म्हणायचं.

अक्कांनी वाचलं. "मी कोठे यशस्वी आहें?"

"नाही आहात, पण म्हणायचं. मनाला पटतं हळूहळू."

"खोटं भिंतीला कशास चिकटवायचं? पाहुणे येतात."

दुसऱ्या दिवशी त्याच कागदाच्या पाठीवर वाण्याची यादी लिहिलेली मकरंदनं पाहिली. हिंग, चिंच, बोटाची पट्टी.

मधुसूदनरावांची मानसिकतेची पद्धत निराळी होती. चेन्नईच्या सभांमध्ये, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांमध्ये, एक रिवाज आहे. गाणं ऐन रंगात येतं, गायक थांबतो आणि तालवाद्यांना एकटं वाजवायला मोकळं सोडतो. वाजवणारा ज्या घटकेसाठी जन्मभर बोटं सोलून घेतो, ती हीच. आणि नेमक्या याच घटकेला निम्मी सभा उठते आणि कॅंटीनला जाते. कुणाचा राग नसतो. पोंगल गरम असतो, एवढंच.

"हिला उठून जाणाऱ्यांची सवय नाही," मधुसूदनराव मकरंदला म्हणाले. "तुम्ही घट फोडलात, आता तुम्हीच उठा."

तेव्हापासून दर रविवारी अक्कांच्या दिवाणखान्यात तालीम. अक्का वाजवायला लागल्या की मकरंद आणि प्राचीनं खुर्चीवरून उठायचं आणि निघून जायचं. पहिल्या रविवारी मकरंद अंग चोरून, चपला हातात घेऊन, चवड्यांवर बाहेर गेला.

"अहो, मयताला आलांत का?" मधुसूदनराव ओरडले. "खुर्ची ओढा! आवाज जाला पाहिजे!"

"पण अक्का इतक्या मनापासून..."

"मनापासून वाजवते म्हणूनच उठायचं. आणि जातां जातां विचारा, आज कॅंटीनांत काय आहे म्हणून. मोठ्यानं!"

"आज कॅंटीनमध्ये काय आहे," मकरंद पुटपुटला.

"ही सत्यनारायणाची पोथी नव्हे! बाईसाहेब, तुम्ही दाखवा."

प्राची उठली. तिनं खर्रकन खुर्ची ओढली, पर्स झटकली, फोन कानाला लावला आणि अक्कांच्या नाकासमोरून जाताना म्हणाली, "अगं काही नाही, कुणीतरी मडकं बडवतंय, बोल तू."

अक्कांचा हात अडखळला. डोळे भरले. मधुसूदनराव प्रसन्न झाले. "शाब्बास! ह्या बाई रोज पाहिजेत."

जून गेला, ऑगस्ट गेला. अक्का रडायच्या थांबल्या. ऑक्टोबरात प्राचीनं जाता जाता मिक्सर लावून पाहिला; अक्कांची एक मात्रा हलली नाही. मधुसूदनरावांनी मुद्दाम सात मात्रांचा ताल निवडला होता. "चारांत म्हशीहि वाजवतात." नोव्हेंबरात एका रविवारी शेवटचा बोल तीनदा घेऊन अक्का बरोबर जागेवर उतरल्या, रिकाम्या खोलीत. बाहेर जिन्यात उभ्या असलेल्या मकरंदच्या अंगावर काटा आला. टाळी वाजवायची त्याला मनाई होती. त्यानं जिन्याचा कठडा घट्ट धरला.

ती टाळी तशीच आत दाबून राहिली.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्याच्या मनात आलं, सात महिने आपण या बाईला सोडून जातोय. निदान खऱ्या दिवशी कुणीतरी बसायला नको? त्यानं ग्रुप केला. बँकेतले मराठी, रेल्वेतले मराठी, संरक्षण कारखान्यातले मराठी, त्यांच्या बायका, एकाचे नागपूरहून आलेले सासू-सासरे. सर्वांना एकच आज्ञा, 'घट सुरू झाला की कुणीही उठायचं नाही. पोंगल संपला तरी चालेल.'

डिसेंबरात दुपारी साडेबाराला, फुकट प्रवेशाच्या त्या सभेत, साठ माणसं बघून सभेचे सेक्रेटरीच घाबरले. श्रीरंजनी गायली, चोवीस वर्षांची पोर, छान गायली. मग ती थांबली आणि तिनं हातानं खूण केली. मधुसूदनरावांनी वाजवून घटाकडे सोपवलं. अक्कांनी सुरुवात केली.

रिवाजाप्रमाणे वीसेक मामा-मामी उठले. खुर्च्या खरखरल्या. अक्कांची पापणी लवली नाही. सात महिन्यांची कमाई होती ती. घट बोलायला लागला. जाड भिंतीच्या आतून असा काही आवाज यायला लागला की दारापर्यंत गेलेल्या एका मामांनी मान वळवली.

पण अडतीस माणसं बसून होती. हलत नव्हती. लग्नात वधूकडे बघावं तशी अक्कांकडे टक लावून बघत होती. आणि पहिल्या रांगेत मकरंदच्या हातांना आता आवरेना. गणपतीच्या आरत्यांवर पोसलेले हात ते. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. त्यानं टाळ्यांचा ठेका धरला. शेजाऱ्यानं धरला. नागपूरच्या सासऱ्यांनी तर डोळे मिटून, मान डोलवत धरला. अडतीस माणसं, शहात्तर हात, अत्यंत प्रेमानं, सातांच्या तालावर चार वाजवत होते.

मधुसूदनराव हवेत हात फेकून सात दाखवायला लागले. ते पाहून माणसांना वाटलं, म्हातारबुवा जोर लावा म्हणताहेत. त्यांनी जोर लावला.

अक्कांनी एकदा वर पाहिलं. उठून जाणाऱ्यांकडे कसं न पाहता वाजवायचं, ते त्यांना येत होतं. अडतीस हसऱ्या चेहऱ्यांचं काय करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं. शेवटचा बोल मृदंग आणि घट मिळून तीनदा घेतात; तो पहिल्यांदा बरोबर गेला, दुसऱ्यांदा घसरला, तिसऱ्यांदा मृदंग एका जागी उतरला आणि घट दुसऱ्याच. मधल्या त्या पोकळीत अक्का एकट्या, हात घटावर, तोंड किंचित उघडं.

मकरंदच्या मंडळींनी उभं राहून टाळ्यांचा कडकडाट केला. दारातले मामा खो खो हसले आणि कॅंटीनला गेले.

नंतर पडद्यामागे श्रीरंजनी गोड हसून म्हणाली, "आंटी, पुढच्या वर्षी मी घटाऐवजी खंजिरा घेते हं साथीला." आणि फोटोसाठी गेली. मधुसूदनराव मृदंगाला गवसणी घालत होते. अक्का उभ्या राहिल्या. शिव्यांची वाट बघत.

"उठून जाणाऱ्यांपुढं कसं वाजवायचं, तें शिकवलं मी," ते वर न बघता म्हणाले. "बसून राहणाऱ्यांचं मला काय ठाऊक? माझेपुढं कोणी बसलंच नाहीं कधीं." मग गाठ मारत म्हणाले, "फेब्रुवारींत एका देवळांत जागा आहे. माईक नाही. येतेस तर ये. पहिल्यापासून."

मकरंदनं अक्कांना कॅंटीनमध्ये गाठलं. त्या एकट्याच बसून पोंगल खात होत्या. उजवा हात पानात, डावा मांडीवर. डाव्या हाताची बोटं न थांबता मोजत होती, तीन आणि चार, तीन आणि चार.

"अक्का, लोक खूष होते हो! सगळे विचारताहेत, त्या बाई कोण म्हणून."

अक्का जेवत राहिल्या.

"चुकलं माझं. कळतंय मला. पण खचायचं नाही हं. मधुसूदनराव म्हणाले, फेब्रुवारीत देवळात आहे? किती तारखेला? आपण आख्खी बस करू की!" त्यानं खिशातून फोन काढलाही होता. मग अक्कांची बोटं थांबलेली त्याला दिसली, तशी तो फोन हातातच धरून समोरच्या बाकावर बसला. आवाज खाली आला. "अक्का, मनापासून विचारतो. तुमचं हे संगीत पुढं जायला हवं. त्यासाठी माझ्यानं होण्यासारखं जे काही असेल ते मोकळेपणानं सांगा. काहीही सांगा, मी करीन."

अक्कांनी तोंडातला घास संपवला.

"घर बदला."