चपलांच्या स्टँडवरची बॅटरी

नोंग सुईफेनच्या घरात रस्त्याला प्रवेश नव्हता. रस्त्यावरून जे काही येईल ते दाराच्या आत, दोन हातांवर असलेल्या चपलांच्या स्टँडपाशी थांबायचं. चपला तर थांबायच्याच, पण छत्र्या, रेनकोट, कुरियरची खोकी, एवढंच काय, नवऱ्याची कामावरची पँटसुद्धा तिथेच उतरायची. नान्निंगच्या जुन्या साखर कारखान्याच्या वसाहतीत घरोघरी हीच रीत, पण सुईफेनइतकी कडक कुणी पाळली नसेल. कारखान्याच्या पॅकिंग खात्यात तिने सत्तावीस वर्षं काढली. केसांत, भुवयांवर, नखांत चिकट साखर घेऊन ती घरी यायची आणि मागोमाग मुंग्या यायच्या. त्या मुंग्यांशी आयुष्यभर लढलेली बाई ती. तिच्या फरशीवर सांडलेला भात कुणीही उचलून बिनधास्त खावा.

तिचा नवरा लान योंगछांग त्याच कारखान्यात वायरमन होता. सगळी वसाहत त्याला लान मिस्त्री म्हणायची. कुणाचा पंखा कुरकुरला, कुणाचा फ्यूज उडाला की आधी लान मिस्त्रीला हाक, मग देवाला. माणूस सावकाश बोलायचा, सावकाश जेवायचा आणि बायकोपुढे लवकर हरायचा. चौतीस वर्षं तो हरत आला होता आणि त्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

निवृत्तीनंतर दोघांनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. त्या शहरात स्कूटर नसलेला माणूस म्हणजे पांगळाच. स्कूटर खाली शेडमध्ये राहायची, पण बॅटरी खाली ठेवली तर सकाळी ती तिथे असेलच याची खात्री कुणी देत नसे. म्हणून सगळेजण सीटखालची ती जड पेटी मुठीला धरून आपापल्या मजल्यावर नेत. इमारत सहा मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि लानचं घर पाचव्यावर.

बॅटरीच्या बाबतीत मिस्त्रीचे नियम ठरलेले होते. चार्जर तिच्याबरोबर आलेला तोच वापरायचा. फिरून आणली की अर्धा तास गार होऊ द्यायची. घरात कुणी जागं असतानाच लावायची आणि भरली की लगेच काढायची. हे सगळं सुईफेन मुकाट्याने पाळायची. भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून.

"हे धूड दारात नको," तो म्हणायचा. "ही पेटली तर आपण बाहेर पडायचं कुठून? बाल्कनीत ठेवू, उघड्या फरशीवर."

"बाल्कनीत माझे कपडे वाळतात, मुळा वाळतो. तिथे ही रस्त्यावरची घाण?"

"घाण नाही गं, बॅटरी आहे ती."

"ढुंगणाखालून येते ना तुझ्या? मग घाणच."

यावर तो पोट धरून हसायचा, आणि बॅटरी चपलांच्या स्टँडवरच राहायची.

त्या वर्षी हिवाळ्यात मिस्त्रीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तो आतल्या खोलीत पाय लांब करून पडून असायचा. बाजारहाट, स्कूटर आणि ते पाच जिने सुईफेनच्या वाट्याला आले. वर्षातला सर्वांत लहान दिवस तिकडे घरोघर जेवणाचा. लेक अतिंग ल्यूजौहून नातीला घेऊन संध्याकाळच्या गाडीने येणार होती. नातीचं लाडाचं नाव तांगतांग, म्हणजे साखर. ते ठेवलं होतं आजोबांनी, अर्थातच. सकाळीच सुईफेन बाजारातून बदक घेऊन आली. एका हातात बदक आणि दुसऱ्या हातात बॅटरी अशी जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर तिचा हात सुटला. बॅटरी सहा पायऱ्या गडगडत खाली गेली.

तिने ती वर आणून नवऱ्याला दाखवली. त्याने चेपलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, कानाशी नेली, वास घेतला.

"हिला आज चार्जिंगला लावू नकोस. कपडे बाजूला सार आणि बाल्कनीत ठेव. उद्या दुरुस्तीवाल्याला दाखवू."

"आणि पोरीला आणायला स्टेशनवर काय तुझ्या खांद्यावर बसून जाऊ?"

"टॅक्सीने येईल ती. सुई, चेपलेली बॅटरी वाईट असते. आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. एकदा तरी ऐक माझं."

"ऐकलं हो, म्हाताऱ्या. पड गप."

ऐकलं होतं ते कानांनी. बदक शिजायला टाकलं आणि तिच्या लक्षात आलं की खारवलेली लिंबं संपलीत. लिंबाशिवाय ते बदक म्हणजे नुसतंच मांस. पायात चपला घालताना स्टँडवरची बॅटरी समोरच होती. सवयीने ती तिथेच ठेवली गेली होती. संध्याकाळी स्टेशनवर जायचं, एवढ्याशा कोपऱ्याने काय होतंय, हा मिस्त्री म्हणजे सगळ्यालाच भितो. तिने पिन खोचली. चार्जरचा लाल दिवा लागला. आतल्या खोलीतून तो दिवा दिसत नव्हता.

ती गेली पंचवीस मिनिटांसाठी. वाण्याकडे दोन बायकांशी बोलली. त्या पंचविसातली पाच मिनिटं त्यातच गेली.

फाटकातून आत शिरताच तिला माणसांची गर्दी दिसली. सगळ्यांच्या माना वर. पाचव्या मजल्यावरून आधी पांढरा, मग काळा धूर येत होता. दाराजवळच्या रबरी चपला, रेनकोट, खोकी, सगळं पेटलं होतं, आणि घराला दार एकच. जिन्यात माणसाला उभं राहवत नव्हतं. दोन तरणी पोरं ओले टॉवेल बांधून चौथ्यापर्यंत गेली आणि खोकत परत आली.

मिस्त्री खुरडत बाल्कनीपर्यंत पोचला होता. बाल्कनीला चोरांसाठी लोखंडी जाळी होती. ती त्याने स्वतःच वेल्ड केली होती, आणि त्याचं काम कधी कच्चं नसायचं. त्याने गर्दीत बायकोला शोधलं. ती जिन्याकडे धावली तसा तो जाळीतून हात काढून जोरजोरात हलवू लागला. येऊ नकोस, येऊ नकोस. बोललेलं खाली ऐकू येत नव्हतं, पण चौतीस वर्षांच्या संसारात हातवारे कळतात. चौथ्या मजल्यावरच्या छिनबाईने आणि आणखी तिघींनी तिला धरून ठेवलं. अकरा मिनिटांत बंब आला. जाळी कापली. तोवर तो हात हलायचा थांबला होता.

सगळं विझल्यावर बंबाच्या साहेबाने वही काढली. "चार्जर कुणी लावला होता?"

सुईफेनने तोंड उघडलं. तेवढ्यात छिनबाई म्हणाली, "आणखी कोण लावणार? घरात विजेचं सगळं लान मिस्त्रीच बघायचे. बाईमाणूस कशाला हात लावतंय?" छिनबाई काही वाईट नव्हती. तिला फक्त कुठल्याही प्रश्नाचं उत्तर पोटात ठेवता येत नसे. साहेबाने लिहून घेतलं आणि सुईफेनने तोंड मिटलं. तिला खोटं बोलावंच लागलं नाही. खोटं दुसऱ्यांनी बोलून टाकलं होतं, तिने फक्त ते राहू दिलं.

त्या संध्याकाळी अतिंग स्टेशनवर पोरीला घेऊन उभी होती आणि तिला आणायला कुणी गेलं नाही.

मिस्त्रीला निरोप देताना लेक रडली नाही. रीतीप्रमाणे मुलांनी बापाच्या हाताला शेवटचा स्पर्श करायचा असतो. अतिंग जागची हलली नाही. "चाळीस वर्षं वायरी हाताळल्या," ती दात आवळून म्हणाली, "लोकांना नियम शिकवले, आणि स्वतःच्या घरात बॅटरी दारात चार्जिंगला लावून झोपले. आईचासुद्धा विचार केला नाही." सुईफेन शेजारी उभी होती. तेव्हा सांगायला हवं होतं. पण नवरा गेलेल्या बाईकडे एकुलती एक लेक उरते, आणि तीही जाईल या भीतीने तिने हेही तसंच राहू दिलं.

त्यानंतर वसाहतीने तिला तळमजल्यावरची एक खोली दिली. सुईफेनने नवंच काम अंगावर घेतलं. रोज सकाळी ती एकेका इमारतीचे जिने चढायची, दारं वाजवायची आणि आत डोकावून आधी चपलांचं स्टँड बघायची.

"फेन मावशी आली, बॅटरी लपवा!" पोरं ओरडायची.

"लपवू नका रे, हलवा. दारातून हलवा. खिडकीतून खाली वायर सोडलीय ती कुणाची? पाऊस पडल्यावर शॉक कुणाला बसणार, तुला की तुझ्या सासूला?"

"सासूला बसला तर चालेल, मावशी."

"मेल्या, वायर ओढ वर. आणि तुझी ती फुगलेली बॅटरी? पोट आलंय तिला. आजच्या आज दुकानात दे."

लोक हसायचे, पण ऐकायचेही. तीन महिन्यांत वसाहतीतल्या बहुतेक बॅटऱ्या खालच्या शेडमध्ये गेल्या. मग तिथे म्हातारे पाळीपाळीने राखणीला बसू लागले. बॅटरीचं सगळं ती सांगायची, अगदी नवऱ्याच्या शब्दांत. एकच गोष्ट ती कुठल्याही दारात बोलली नाही.

वसंतात, तिसऱ्या महिन्याच्या तृतीयेला, थडग्यावर जायचा सण आला. अतिंगचा फोन आला. "सुट्टी नाही, आई." मग थोड्या वेळाने खरं बाहेर पडलं. "मला यायचंच नाही. आले तर थडग्याशी भांडेन मी."

सुईफेन एकटीच गेली. गवत उपटलं, पाच रंगांचा भात ठेवला, दारू शिंपली. थडग्याशी ती काय बोलली ते तिलाच माहीत. दुसऱ्या दिवशी उरलेला भात डब्यात भरून तिने ल्यूजौची गाडी पकडली.

लेकीचं घर अकराव्या मजल्यावर. जावई मोटारींच्या कारखान्यात पाळीला गेलेला. अतिंगने दार उघडलं आणि सुईफेन उंबऱ्यातच थांबली. दाराला लागून चपलांचं स्टँड होतं. खालच्या फळीवर मोठ्यांचे बूट, मधल्या फळीवर तांगतांगचे दोन गुलाबी बूट, आणि त्यांच्या शेजारी चार्जरच्या लाल दिव्यासह बॅटरी.

"ही इथे का?"

"मग कुठे? तूच शिकवलंस ना, रस्त्यावरचं दाराशी."

"खाली शेड नाही?"

"आहे, पण तिथे रांग असते. आई, आल्या आल्या सुरू नको करूस. माझी बॅटरी चांगली आहे, चार्जर कंपनीचा आहे. मी काय बाबांसारखी निष्काळजी आहे?"

आतून तांगतांग आज्जी आज्जी करत धावत आली आणि तिच्या पायांना मिठी मारून उभी राहिली, त्या स्टँडला पाठ लावून. सुईफेनने तिला उचलून आत सोफ्यावर नेऊन बसवलं, डबा उघडून तिच्या हातात दिला. मग ती परत दाराशी आली. आता गप्प बसायची सोय उरली नव्हती.

"तुझा बाप निष्काळजी नव्हता."

"आई, पुरे."

"चार्जर मी लावला होता."

अतिंगने दार लोटून घेतलं.

"बॅटरी माझ्या हातून पडली. तो म्हणाला, लावू नकोस, बाल्कनीत ठेव. मी दारातच ठेवली आणि लिंबं आणायला जाताना पिन खोचली. तुला आणायला स्कूटर हवी होती म्हणून. त्याला तर ठाऊकही नव्हतं की ती चालू आहे."

"बाबा नको म्हणाले होते?"

"हो. एकदा तरी ऐक, असंही म्हणाला होता."

अतिंगने वाकून पिन उपसली. बॅटरी उचलली आणि घरातल्या चपलांवरच बाहेर पडली. लिफ्ट खाली गेली. तांगतांग डब्यातला जांभळा भात निवडून निवडून खात होती आणि आज्जीला पिवळा भरवत होती. सुईफेन भरवेल ते गिळत होती. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला.

अतिंग परत आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. ती दाराला टेकून उभी राहिली.

"मी त्यांच्या हाताला हात लावला नाही," ती म्हणाली. "रागाने. सगळ्यांसमोर. तू माझ्या शेजारी उभी होतीस आई, आणि तू मला तसं करू दिलंस."

सुईफेन म्हणाली, "हो."

अतिंगने कपाटातून जाकीट काढलं. तांगतांगच्या पायात गुलाबी बूट चढवले, डब्यातला उरलेला भात झाकला, पिशवीत ठेवला. दुपारची गाडी होती.

"बाबांचं थडगं कुठल्या रांगेत आहे?"

"सातव्या. डावीकडून चौथं."

सुईफेन उठली आणि आपली पिशवी खांद्याला लावू लागली.

"तू नको," अतिंग म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आज त्यांच्याजवळ तू नको, आई."

सुईफेनने पिशवी खाली ठेवली. आज्जी का येत नाही, असं विचारत नात आईचा हात धरून लिफ्टकडे गेली, आणि दार बाहेरून ओढलं गेलं.