रंग अजून शाबूत आहे

इराचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये होते. "मावशी... ममा इज गॉन," एवढंच ती बोलली. तिची आई, आमच्या नीलाताई, झोपेतच गेल्या. आदल्या संध्याकाळी तर आम्ही दोघींनी त्यांच्या पोर्चमध्ये चहा प्यायला होता. निघताना म्हणाल्या होत्या, "शनिवारी लवकर ये गं, ऊन चढायच्या आत."

शनिवार म्हणजे गाडी धुणं. टेक्सासमधल्या प्लेनोत आमची घरं समोरासमोर. नीलाताई मूळच्या नागपूरच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी पहिल्यांदाच फक्त स्वतःच्या मनासारखी गाडी घेतली, गडद निळी, आणि तिला गाड्या धुणाऱ्या मशीनचे ब्रश कधी लागू दिले नाहीत. "त्या ब्रशात आधीच्या गाडीची वाळू अडकलेली असते. तीच आपल्या रंगावर घासून घ्यायची?" गाडी सावलीत गार होऊ द्यायची, नुसत्या पाण्यानं धूळ घालवायची, मग दोन बादल्या... एक साबणाची, दुसरी हातमोजा खळबळून घ्यायला. टपापासून खाली यायचं, हात सरळ फिरवायचा, चाकं शेवटी. मोजा जमिनीवर पडला की बाद, कारण एक खडा पुरतो ओरखड्याला. एकदा मी भांड्यांचा साबण घेऊन गेले, तर केवढ्यानं ओरडल्या, "अगं, गाडी आहे ती, कढई नाही!" आणि मग दोघी हसत सुटलो.

पण या मायेपायी गाडी फार लांब जायचीच नाही. न्यू मेक्सिकोतलं पांढऱ्या वाळूचं वाळवंट बघायचं त्यांच्या फार मनात होतं, आणि दर वेळी स्वतःच प्लॅन कॅन्सल करायच्या. "ट्रकच्या चाकाखालची खडी उडते यार, रंगाचे टवके जातील."

मागच्या वर्षी आम्ही जवळच्या अर्विंगला किराणा आणायला गेलो असताना गारपीट झाली. लिंबाएवढ्या गारा! दुकानाच्या काचेआडून नीलाताई बघत होत्या, माझा हात घट्ट धरून. गारा थांबल्यावर त्या बाहेर गेल्या, बॉनेटवरून हळूच हात फिरवला, एकेक खळगा बोटानं चाचपला. आणि एकदम खो खो हसल्या. "अगं, हिचं तर इडलीपात्र झालं! आता कुणासाठी थांबायचं? चल, वाळवंट बघून येऊ."

आणि आम्ही गेलो. त्या पांढऱ्या टेकड्यांवरून नीलाताई बसून घसरत खाली आल्या, केसांत वाळू, तोंडभर हसू. परत आल्यावर पुढच्याच शनिवारी बादल्या बाहेर. मी म्हटलं, "अहो, आता कशाला एवढं?" तर म्हणाल्या, "पोचे पडलेत गं. रंग अजून शाबूत आहे."

गाडी आता इराकडे, ऑस्टिनला आहे. ही पोरगी स्वतःची गाडी कायम मशीनमधून काढायची. आईशी त्यावरून वाद घालायची, तोही इंग्रजीत. काल, शनिवारी सकाळी मी सहज फोन केला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"मावशी, नंतर बोलू?" इरा चक्क मराठीत म्हणाली. "माझे हात ओले आहेत."