वावरात पाणी न पिणारे मामा

मामा वावरात पाणी पीत नसत. परभणीजवळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर ते मजूर होते, आणि मी पीएच.डी.साठी तिथे गेले तेव्हा त्यांचे केस पिकले होते. दुपारी आम्ही बांधावर बसून बाटल्या तोंडाला लावायचो. मामा मात्र तांब्या घेऊन पार रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जायचे आणि पिकाकडे पाठ करून प्यायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, “पिकाला आपुन थेंब देत न्हाई, आन् त्याच्या तोंडासमोर घटाघटा प्यायचं? बरं दिसत न्हाई, ताई.” सगळे हसले. मीही हसले.

आमचं काम कोरडवाहू रब्बी ज्वारीचे नवे वाण निवडण्याचं. नियम एकच, पेरणीनंतर पाणी द्यायचं नाही. काळ्या जमिनीतल्या ओलीवर जी ओळ तगेल ती ठेवायची, बाकीच्या टाकायच्या. केंद्राचे प्रमुख, आमचे साहेब, आकडे बघून निवडत. मामा भर उन्हात ओळींमधून चालत पानं बघत. दुपारी कुठल्या पानाची सुरळी होते आणि सकाळी ती पुन्हा उलगडते का, एवढंच त्यांना हवं असे.

त्यांची एक लाडकी ओळ होती. बायकोच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधून ठेवलेली. आठ वर्षं तिची चांगली कणसं हाताने निवडून, साहेबांच्या मागे लागून, ते ती पुन्हा पेरायला लावत होते. “हिला घाई न्हाई,” एवढंच तिचं कौतुक. त्या वर्षी साहेबांनी शब्द दिला होता: यंदा टिकली तर शेतकऱ्यांच्या वावरात चाचणीला पाठवू. मामा लय खुशीत होते.

त्याच तुकड्यात माझ्याही ओळी होत्या, आणि त्या फुलोऱ्यातच करपायला लागल्या. दाणा भरला नाही तर वजन कशाचं करणार? माझी मुदत संपत आली होती. एका रविवारी फवारणीची टाकी भरायची आहे असं सांगून मी मामांकडून पाण्याच्या व्हॉल्व्हची चावी घेतली आणि माझ्या ओळींना पाणी सोडलं. काळ्या रानाच्या भेगा किती खोल असतात हे मला, ज्वारीत डॉक्टर होऊ घातलेल्या बाईला, कळायला नको? पाणी भेगांतून थेट लाल चिंधीपर्यंत गेलं.

सोमवारी दुपारी साहेबांना पानं ताठ, उघडी दिसली. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, चावी कोणाकडे होती. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी वहीत काहीतरी लिहीत होते. काय, ते आजही सांगता येणार नाही.

“चावी माज्यापशीच असती, साहेब,” मामा म्हणाले.

तुकडा बाद झाला. मामांना गोठ्यावर पाठवलं. मजुराच्या चुकीमुळे नुकसान झालं म्हणून मला मात्र एक वर्ष वाढवून मिळालं, आणि मी ते निमूट घेतलं. पुढे साहेबांची बदली झाली. लाल चिंधीच्या ओळीचं जुनं बी डब्यात होतं, पण पेरा म्हणून मागे लागणारं कोणी उरलं नव्हतं. किड्यांनी त्याचं पीठ केलं. तो डबा मीच रिकामा केला.

आता मी स्वतःच मुलांना वाण कसा निवडायचा ते शिकवते. गेल्या हिवाळ्यात धीर करून मामांच्या गावी, चुडाव्याला, त्यांच्या घरी गेले. मामा ओट्यावर उन्हाला बसले होते. सुनेने पाण्याचा तांब्या दिला. तो हातात धरूनच मी सगळं सांगून टाकलं.

“ठाव हाय मला,” मामा म्हणाले. “चावी परत दिली तवा तुमच्या बुटाला चिखल होता. कोरड्या रानात चिखल कुटून येईल?”

मग तेव्हा बोलला का नाहीत, मी विचारलं.

“तुमी सांगताल म्हणून वाट बघितली. ज्वारी काढूस्तोवर बघितली.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. “पाणी प्या, ताई. उनातून आलात.”

मी तांब्या घेऊन उठले, घरामागे गेले आणि त्यांच्याकडे पाठ करून पाणी प्याले.