आक्कानं पुढं केलेला हात

आक्का जाऊन दीड महिना झाला. आक्का म्हणजे माझी आई. पण आम्हीच काय, आमचं अर्धं ताडकळस गाव तिला आक्का म्हणायचं. ती गेली त्या दिवशी दादानं, माझ्या थोरल्या भावानं, व्हॉट्सॲपवर एक फोटो टाकला. दवाखान्यातला. आक्काच्या नाकात नळी, डावा हात पुढं केलेला, तळवा उताणा आणि त्या तळव्यात माझा हात. खाली दादानं लिहिलं होतं, 'शेवटपर्यंत लेकीचा हात मागणारी माय.' नातेवाइकांनी, माझ्या शाळेतल्या शिक्षकांनी तो फोटो पुढं पाठवला, कित्येकांनी फोन करून सांगितलं की बघून डोळ्यांत पाणी आलं. मीही तो उघडून रडत होते, आणि खोटं कशाला बोलू, आतून थोडी सुखावतही होते. दादा समोर असताना आक्कानं माझा हात मागितला म्हणून... तिनं माझा हात मागितला नव्हता. ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही लिंगायत. आमच्यात मूल जन्मलं की जंगम स्वामी येऊन त्याला लिंग बांधतात. जांभळाएवढं काळं इष्टलिंग, चांदीच्या डबीत, दोऱ्यानं गळ्यात. बहुतेकांचं पुढं देवघरात जाऊन बसतं. माझं कुठं आहे हे मला ठाऊकसुद्धा नाही. आक्काला मात्र पेडगावला, तिच्या माहेरी, बाळपणी बांधलं ते पूजेपुरतंच गळ्यातून निघायचं. सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ती भिंतीला टेकून बसायची, डावा तळवा पुढं धरायची, त्यावर लिंग ठेवायची आणि त्याच्याकडं बघत राहायची. ते होईपर्यंत पाण्याचा घोटही नाही. आमचं किराणा दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. बाजाराच्या दिवशी उजाडताच गिऱ्हाईक यायचं आणि वडील तिथून ओरडायचे, "आगं, देव काय पळून चाललाय का?" पूजा संपवून, डबी नीट बंद करून मग ती सावकाश उत्तर द्यायची, "गिऱ्हाईक तरी कुठं पळायलंय?" पुढं वडील गेले, दुकान तिनं एकटीनं चालवलं, मला परभणीला बी.एड.पर्यंत शिकवलं, पण सकाळचा हा क्रम काही बदलला नाही.

मी नऊ वर्षांची असेन. चुडाव्याला मामेबहिणीचं लग्न होतं. हातपंपावर तोंड धुताना आक्काच्या गळ्यातला दोरा तुटला आणि हे तिच्या लक्षात आलं ते मांडवात आल्यावर. डबी नाही. सगळ्या बायका शोधायला लागल्या, सापडेना. पंगत बसली, उठली, आक्का जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मामा म्हणाले, "आक्का, हट्ट करू नको, स्वामी दुसरं देतील." ती म्हणाली, "दुसरं कोणाचं तरी आसंल. मपलं न्हाई." मी आपली पोरांबरोबर खेळत होते. हातपंपाच्या फरशीखाली बेडकं बघायला हात घातला आणि बोटांना डबी लागली. चिखलाच्या हातानं तशीच पळत गेले. आक्कानं डावा तळवा पुढं केला... मी डबी त्यावर ठेवली. पूजा करून ती जेवायला बसली आणि पहिला घास मला भरवला. त्यानंतर चाळीस वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मह्यावालं लिंग हरवलं तर कुणी शोधू नका. मह्या लेकीला बोलवा."

एवढं सगळं मला माहीत होतं. ही गोष्ट मी स्वतः माझ्या मुलीला, शिवानीला, रंगवून सांगत होते. मी विज्ञान शिकवते. सुट्टीत गेले की आक्काला छेडायची, "आक्का, दगडच आहे ना तो?" ती म्हणायची, "दगडच हाय. पण मपला हाय." तिचा देवधर्म असला सुटसुटीत होता. शिवानीला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आम्ही ताडकळसलाच होतो. वहिनीनं तिला देवघराबाहेर बसवलं. आक्कानं पोरीला हाताला धरून आत आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि वहिनीला म्हणाली, "आपल्यात विटाळ न्हाई. तुला कुणी शिकवलं गं हे?" मग कितीतरी वेळ शिवानी तिच्या तळव्याकडं बघत बसली होती. आज शिवानी म्हणते की आज्जी सगळ्यात जास्त तेव्हा आवडली होती.

मग अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दादानं जीपमध्ये घालून परभणीला, मी राहते तिथं, दवाखान्यात आणलं. तपासणीला आत नेण्याआधी सांगितलं गेलं की गळ्यातलं, कानातलं सगळं काढा. दोरा मीच काढला. आक्का माझ्याकडं बघत होती. डबी मी माझ्या चष्म्याच्या खोक्यात ठेवली, खोकं पर्समध्ये टाकलं आणि तिला म्हणाले, "माझ्यापाशी आहे, बाहेर आलीस की देते." तिनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी पर्सचा पट्टा तुटला. पर्स दारामागं अडकवली आणि शाळेची पिशवी घेऊन दवाखान्यात गेले. इतकंच झालं. यात कुणाचा कट नाही, कुणाचा दोष नाही, मी फक्त विसरले.

ती विसरली नव्हती. मी गेले की डावा हात पुढं करायची, तळवा उताणा. मी त्यात माझा हात द्यायची. ती माझा हात झटकायची आणि तळवा पुन्हा पुढं करायची. मला वाटायचं, अंगात जोर नाही, हात घसरतोय. चमच्यानं पाणी दिलं तर दात घट्ट मिटून घ्यायची. गिळता येत नसावं असं ठरलं आणि नाकातून नळी घातली. ती डाव्या हातानं नळी उपसायला लागली म्हणून तो हात पट्टीनं पलंगाला बांधायचं ठरलं. मला विचारलं, मी हो म्हणाले. दवाखान्यातल्या लोकांच्या रोजच्या कामातली गोष्ट, त्यांना कसं ठाऊक असणार तो हात कशाचा आहे... मला ठाऊक होतं. भेटायच्या वेळी पट्टी सोडायचे तेवढ्यात तो तळवा पुन्हा पुढं. तिथं एक आयाबाई होत्या, आक्काचं तोंड पुसायच्या, वेणी घालायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मॅडम, ह्या काहीतरी मागायल्यात. नुसता हात धरून काय व्हायलंय?" मी त्यांना म्हणाले, "तुम्ही तुमचं काम करा." त्याच दिवशी दादानं तो फोटो काढला.

नवव्या दिवशी आक्का गेली. आमच्यात माती देतात, बसवून, आणि डाव्या हातात लिंग देतात. शेताच्या बांधाजवळ सगळी तयारी झाली आणि स्वामींनी विचारलं, "आक्काचं लिंग?" दादानं माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यात चष्म्याचं खोकं आलंच नाही. माझ्या डोक्यात काय आलं तेही सांगते. मी चारचौघांत म्हणाले, "त्या आयाबाईनं काढलं असेल. चांदी होती ना." माना हलल्या, कुणी 'कलियुग' म्हणालं. स्वामींनी त्यांच्या झोळीतलं एक नवंकोरं लिंग काढून आक्काच्या तळव्यावर ठेवलं. दुसरं कोणाचं तरी.

तीन आठवड्यांनी पर्सचा पट्टा शिवायला टाकावा म्हणून ती दारामागून काढली. खोकं उघडलं... मी फरशीवर बसले ते शिवानी कॉलेजातून येईपर्यंत उठले नाही. नऊ दिवस तिनं घास का घेतला नाही, हे मला तेव्हा कळलं. तिला सगळं कळत होतं. आपलं लिंग लेकीपाशी आहे, लेक समोर बसली आहे, आणि तरी ती देत नाही, एवढं घेऊन ती गेली. मी का देत नाही, हे तिला कळलं असेल का, ते मला कधीच कळणार नाही.

दादाला फोन केला. मी म्हणाले, माती उकरू, हे तिच्या हातात देऊ. तो म्हणाला, "एकदा दिली ती माती दिली. लोकं काय म्हणतील? आन् कुणाला सांगत बसू नको, फोटो सगळ्यांनी बघितलाय." फोटो सगळ्यांनी बघितलाय म्हणूनच सांगते आहे. दवाखान्यात जाऊन त्या आयाबाईंनाही शोधलं. त्यांच्यावर आळ घेतल्याचं त्यांच्या कानावर गेलेलंच होतं. मी खोकं उघडून पुढं धरलं, मान खाली घातली. त्यांनी डबीकडं बघितलं. म्हणाल्या, "हेच का मागायल्या व्हत्या?" आणि बादली उचलून आत गेल्या.

आता डबी माझ्या घरी आहे. सकाळी चहा टाकते, आणि कप तोंडाला लावण्याआधी हात आपोआप डबीकडं जातो. लिंगावरचं काळं एका बाजूनं झिजलंय, आक्काचा अंगठा टेकायचा तिथं. मला पूजा येत नाही, मंत्र पाठ नाहीत. परवा शिवानीनं विचारलं, "मम्मी, चहा गार झाला. तू रोज ते हातात धरून काय करतेस?" मी पूजा करत नव्हते. उजव्या हातात लिंग घेऊन मी हात पुढं केला होता, द्यायला. समोर तळवा नव्हता.