नणंदबाईंचं विचारणं

माझ्या नणंदबाईंइतकं विचारून विचारून माणसाला बेजार करणारी बाई अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायची नाही. जालन्यात एका त्वचेच्या दवाखान्यात त्या नर्स आहेत. सुरकुत्या घालवायची, ओठ भरदार करायची इंजेक्शनं तिथे देतात. पण त्यांचं विचारणं दवाखान्यापुरतं थांबत नाही. जाफराबादच्या एका लग्नात नवरदेवाला हळद लावायच्या आधी त्यांनी गंभीरपणे विचारलं होतं, हळदीनं कधी अंगावर पुरळ उठलं होतं का, आणि आता लावलेली चालेल का? सगळा मांडव हसला, पण नवरदेव हो म्हणेपर्यंत ताईंची बोटं वाटीतच. ओळखीच्या बायका घरी येऊन सुई द्या म्हणतात, तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा एवढंच सांगून त्या विषय संपवतात.

पूर्वी त्या अशा नव्हत्या. माझ्या लेकीचं, पल्लवीचं लग्न ठरलं तेव्हा तिनं आत्याच्या मागे लकडा लावला, फोटोत ओठ भरलेले दिसायला हवेत म्हणून. भाचीपुढे ताईंचं काही चालायचं नाही. बदनापूरला आमच्या घरीच, डॉक्टरांना न विचारता त्यांनी इंजेक्शन दिलं. थोड्याच वेळात ओठाचा एक कोपरा पांढराफटक पडला. औषधानं रक्ताची वाट अडवली होती. ताईंनी ते ओळखलं, पोरीला गाडीत घातलं आणि वाटेतूनच डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. जालन्यात उताऱ्याचं इंजेक्शन मिळालं आणि ओठ वाचला.

पोरगी बरी झाली, आता बोभाटा नको, असं घरात ठरलं. तेव्हा ताई मला म्हणाल्या, "वहिनी, पल्लवी आपली हाये म्हणून तुम्ही गप बसून राह्यल्या. दुसऱ्याची पोरगी असती तर मंग?"

त्यांनी नर्सिंग कौन्सिलकडे स्वतःविरुद्धच तक्रार केली. चौकशी झाली आणि काही महिने त्यांची नोंदणी स्थगित झाली. पल्लवीच्या लग्नात कुणी ताईंना सुट्टी काढली का म्हणून विचारलं, की त्या शांतपणे सांगायच्या, "सुट्टी न्हाई, शिक्षा हाये." विचारणारा गोंधळून जेवायला निघून जायचा.

आता त्या पुन्हा कामावर आहेत. पल्लवी माहेरी आली की त्यांची नजर आधी तिच्या ओठाकडे जाते. गरम-गार बराबर कळतं ना, म्हणून विचारतात. बिलकुल कळतं, आत्या, असं ती दर वेळी सांगते. तरी तिचा चहा ताई बशीत ओततात, आणि निवेपर्यंत ती बशी हातात धरून बसून राहतात.