खांद्याची रेघ

दुपारी खालची पिठाची गिरणी सुरू झाली की वरच्या मजल्यावरची फरशी बारीक थरथरू लागते. यामिनी हुपरीकर कटिंगच्या टेबलावर डोकं टेकून बसली आहे. पाचच मिनिटं पडते, असं तिने शमाला सांगितलं आहे. शमा मुजावर तिची जुनी कारागीर. पलीकडच्या खोलीत ती काजं करते आहे, आणि सुई टोचली की तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिव्या घालते आहे.

थोड्या वेळाने पुण्याहून गाडी येणार आहे. कपड्यांच्या एका मोठ्या कंपनीला यामिनीचे कपडे आवडले आहेत. तिचे सगळे कागदी पॅटर्न कंपनी घेऊन जाईल, त्यावरून पाच साइझमध्ये हजारो कपडे काढील, आणि यामिनीला पगाराची नोकरी देईल. सांगलीतली ही कार्यशाळा बंद होईल. हो म्हणायचं की नाही, ते तिचं ठरत नाही. म्हणजे डोक्याचं केव्हाच ठरलं आहे. सूत महागलं. प्रदर्शनात स्टॉल घेणं परवडेनासं झालं. बायका येतात, हौसेने घालून बघतात, फोटो काढतात आणि तसाच ड्रेस दुसरीकडून शिवून घेतात. दुकानदार माल ठेवून घेतात आणि सण उलटला की मळवून परत पाठवतात. एकट्या बाईने हे किती दिवस रेटायचं?

गिरणीचा आवाज लांब लांब जातो. मग आवाज राहतच नाही, नुसती थरथर उरते.

"झोपा काढतेस होय गं?"

दारात बिवलकर बाई उभ्या आहेत.

बाई मागच्या आषाढात गेल्या. यामिनी स्वतः अमरधाम स्मशानभूमीपर्यंत गेली होती. ते तिला आत्ताही आठवतं, पण त्याचं नवल वाटत नाही. उलट बाईंना जिना चढून यावं लागलं, याचंच वाईट वाटतं.

"या ना बाई. अशा स्टुलावर उभ्या राहा. खालचा घेर आखायचा राहिलाय तुमचा."

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. लहानपणापासून पाठीला बाक, एक खांदा वर आणि एक खाली. दुकानातला तयार कपडा त्यांच्या अंगावर कधी धड बसला नाही. 'पृथ्वीसुद्धा कललेलीच आहे, तिला कुणी म्हणतं का सरळ उभी राहा?' असं म्हणत त्या पहिल्यांदा इथे आल्या होत्या. यामिनीने शिवलेला कुडता घालून मग आरशासमोर उभ्या राहिल्या तेव्हा मात्र बोलायच्या विसरल्या होत्या.

यामिनी गुडघ्यांवर बसते आणि निळ्या खडूने घेर आखत सरकू लागते. सरकता सरकता स्टुलाची शाळेतली पायरी होते. समोर बाक मांडलेले आहेत आणि बाकांवर मुलं नाहीत, कपडे बसले आहेत. दुकानांतून परत आलेले तिचेच कपडे. बाह्या शहाण्यासारख्या बाकावर ठेवून ते वाट बघत आहेत.

"हजेरी घेऊ का यांची?" बाई विचारतात.

"नको बाई. सगळे आहेत, माहितीये मला."

ती पुढे सरकते. आता दोन्ही बाजूंना प्रदर्शनाचे रिकामे स्टॉल आहेत आणि दिवे मालवलेले आहेत. घेर मात्र अजून चालूच आहे.

"बाई, हा संपत का नाही?"

"संपेल कसा? आत अंगच नाही."

यामिनी वर बघते. कुडता भरलेला आहे, पण वाऱ्याने. वर बाईंचा चेहरा आहे, चष्मा आहे, आणि चष्म्यामागचे डोळे तिच्याकडे बघत आहेत.

"मी बंद करतेय हे सगळं," यामिनी म्हणते.

"मग कर."

"आणि तुमच्यासारख्यांनी कुठे जायचं?"

"माझ्यासारख्यांनी? मी गेले तिथे. आज ना उद्या सगळेच येतात." बाई हसतात, मग हसत नाहीत. "हे बघ, माझं नाव पुढे करून दुकान चालू ठेवू नकोस. आणि माझी माफी मागून बंदही करू नकोस. तुला काय हवंय?"

यामिनी खडूकडे बघत राहते.

"वर्गात अस्संच व्हायचं," बाई म्हणतात. "राजधानी विचारली की हात वर. काय आवडतं विचारलं की सगळे खिडकीबाहेर. ऊठ. आता तू चढ."

ती चढते. पायाखाली कृष्णेच्या घाटाची ओली पायरी आहे. पाणी संथ आहे, आणि त्याला पिठाचा वास येतो आहे. बाई तिच्या मागे उभ्या राहतात. गळ्यात टेप आहे.

"हा कुडता कुणी शिवलाय?"

"दुकानातला आहे. सेलमध्ये घेतला होता."

"दिव्याखाली अंधार! एवढ्या गावाला शिवून घालतेस आणि स्वतः हे घालतेस?"

"वेळ कुठे होतो हो बाई?"

"मान वर. बघ, इथे ओढतंय, इथे फुगतंय. तुझा डावा खांदा उतरलाय, यामिनी."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? इतकी वर्षं त्या टेबलावर वाकलीस. तुला वाटत होतं की मीच एकटी कललेली? आता त्यांच्या पाचही मापांत तू बसायची नाहीस." खडूचं थंड टोक पाठीला लागतं. "हलू नकोस. रेघ वाकडी येईल."

"वाकडीच आहे ना ती?"

"आहे. पण तुझी वाकडी यायला हवी."

खडू एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे सावकाश सरकतो. यामिनीच्या डोळ्यांत पाणी येतं. दुसऱ्यांची मापं घेता घेता जन्म चालला, पण आपल्या पाठीवर कुणी असा हात ठेवल्याचं तिला आठवत नाही.

"बाई—"

मागे कुणी नाही. पायाखालची थरथर एकदम थांबते.

वीज गेली आहे, म्हणून गिरणी बंद पडली आहे. शमा चहाचा कप टेबलावर ठेवते.

"ताई, उठा की. गाडी आलीय खाली. ड्रायव्हर विचारतोय, किती गठ्ठे आहेत म्हणून."

यामिनी उठते आणि पॅटर्नच्या कपाटाकडे वळते.

"अगं बाई, थांबा जरा," शमा म्हणते. "पाठीवर हे काय?"

"काय?"

"खडू. निळा. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत रेघ मारलीय. कुणी मारली? तुमचा हात तरी पोचेल का तिथं?"

यामिनी वळत नाही. "सरळ आहे?"

"नाही. डावीकडे उतरलीय." शमा पदराचं टोक हातात घेते. "झटकू?"

"नको. हात लावू नकोस." यामिनीचा आवाज तिलाच अनोळखी वाटतो. "आधी खिडकीतून ड्रायव्हरला सांग, गठ्ठे नाहीत. पॅटर्न देणार नाही म्हणावं. पुण्याला मी फोन करते."

शमा खिडकीपाशी जाते, पण लगेच हाक मारत नाही. "पुढं कसं करायचं मग, ताई?"

"ते मला माहीत नाही."

शमा खिडकी उघडते. मग खाली वाकून ड्रायव्हरशी बोलते. थोड्या वेळाने गाडी सुरू झाल्याचा आवाज येतो, आणि तोही गल्लीच्या टोकाशी विरतो.

यामिनी स्टूल ओढते आणि त्यावर चढून पाठमोरी उभी राहते.

"टेप घे, शमा. माझं माप घे. रेघ आहे तोवर."