सत्काराची शाल

शेजारचे काका एकेकाळी आर्वीत नगरसेवक होते. आता घरात एकटेच असतात. तरी सकाळी नळ आले की ओळीनं आमची दारं वाजवतात, "पाणी आलं, उठा!" आम्ही वैतागतो, पण उठतो.

वॉर्डाची सेवा केली म्हणून काल त्यांचा सत्कार झाला. कामाचा दिवस होता, गल्लीतलं कोणी गेलं नाही. भर दुपारी काका स्वतःचं घर ओलांडून माझ्या दारात आले. हातात नारळ, अंगावर जाड शाल, घामानं नुसते निथळत होते.

"काका, काढा ना ती शाल. केवढं ऊन तापून राह्यलं!"

"काढतो ना. पन घरी पाह्याले कोन हाये? तू पाहून घे, मंग काढतो."

मी आत जाऊन चष्मा घेऊन आलो.